शेवटच्या हातात बेडी

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका पाळणाघरात चार तान्ह्या मुलांना विषबाधा झाली. तिघं वाचली. दोन वर्षांचाही न झालेला एक मुलगा दगावला. झडतीत मुलांना झोपवायच्या गाद्यांवर किलोभर फेंटानिल ठेवलेलं सापडलं, आणि खेळायच्या खोलीत जमिनीखाली चोरकप्पा. आरोपींपैकी एकजण रुग्णवाहिका पोहोचण्याआधीच पिशव्या घेऊन मागच्या दाराने निघून गेल्याचं कॅमेऱ्यात दिसलं. पुढे त्याला ४५ वर्षांची कैद झाली.

शिक्षेबद्दल फारसं कुणाचं दुमत झालं नाही. पण हा गुन्हा नेमका कोणता? खून म्हणावा, तर त्या लेकराला मारायचं कुणाच्या मनातही नव्हतं. अपघात म्हणावा, तर हे विष आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तरीही ते तान्ह्या मुलांच्या अंथरुणावर ठेवलं गेलं. मारायचा हेतू नाही, पण कुणी मेलं तर मरो अशी बेपर्वाई मात्र पुरेपूर, ही मधली जागा फौजदारी कायद्याला नेहमीच अडचणीची वाटत आली आहे. दारू पिऊन गाडी चालवणारा याच जागेत बसतो. अफूसारखा परिणाम करणारे कृत्रिम ओपिऑइड आले आणि ही जागा एकदम गजबजून गेली. गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेने तिथे कायद्यांची रांग लावली आहे. त्यांतले काही पटण्यासारखे आहेत. काही मात्र भीतीपोटी, घाईघाईत जन्मलेले आहेत.

आधी पदार्थाबद्दल. फेंटानिल हे बेल्जियमच्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास तयार झालेलं वेदनाशामक. मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट प्रभावी. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ ते रोज वापरतात, मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही वापरतात, आणि कर्करोगाच्या असह्य दुखण्यात त्याची चिकटपट्टी छातीवर किंवा दंडावर लावतात. औषध म्हणून ते उत्तम आहे. धोका आहे तो मात्रेत. भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतो. ज्याला सवय नाही अशा माणसाच्या रक्तात साधारण दोन मिलिग्रॅम गेलं तर मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं, आणि काही मिनिटांत श्वास थांबू शकतो. दोन मिलिग्रॅम म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी पूड.

एवढीशी मात्रा गोळीत सारखी मिसळायला औषध कारखान्यातली यंत्रं आणि तपासणी लागते. मेक्सिकोतल्या टोळ्यांच्या आडोशाच्या कारखान्यांत यातलं काही नसतं. तिथे चुना, साखर, पॅरासिटामॉल, जे हाताशी येईल त्यात ही पूड कालवून निळ्या गोळ्या छापल्या जातात. शिऱ्यात बेदाणे पडावेत तसं फेंटानिल त्यात पडतं: एका घासात चार, दुसऱ्यात एकही नाही. म्हणून एकाच पिशवीतल्या दोन गोळ्या दोन मित्रांनी घेतल्या तर एक पेंगतो आणि दुसरा उठतच नाही. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने २०२३ मध्ये बनावट गोळ्या तपासल्या, तेव्हा दर दहांतल्या सात गोळ्यांत दोन मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त फेंटानिल निघालं. पुढच्या वर्षी हे प्रमाण दहात पाचवर आलं. विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं की आपण काय विकतोय. कायद्याची पंचाईत इथूनच सुरू होते, कारण माणसाच्या मनात काय होतं हा फौजदारी कायद्याचा पहिला प्रश्न, आणि इथे मन आणि परिणाम यांचा सांधाच निखळलेला.

आकडे सांगायलाच हवेत. २०२२ मध्ये अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने सुमारे १ लाख ८ हजार माणसं गेली. त्यांतले जवळपास ७४ हजार मृत्यू कृत्रिम ओपिऑइडशी, म्हणजे मुख्यतः फेंटानिलशी जोडलेले होते. २०२४ मध्ये एकूण आकडा ८० हजारांच्या आसपास उतरला. का उतरला यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. सरकारी वकील शिक्षांकडे बोट दाखवतात, डॉक्टर नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाकडे, आणि काहीजण मालच पातळ झाला असं म्हणतात.

ज्या कायद्याने आज फेंटानिलचे खटले चालतात तो फेंटानिलसाठी झालेलाच नाही. त्याच्या मुळाशी एक बास्केटबॉलपटू आहे. लेन बायस, मेरिलँड विद्यापीठाचा, उंचापुरा, देशभर गाजलेला. १७ जून १९८६ रोजी बॉस्टन सेल्टिक्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि १९ जूनला कोकेनच्या सेवनाने तो गेला. वय बावीस. बॉस्टनमध्ये हाहाकार उडाला. प्रतिनिधीगृहाचे सभापती टिप ओनील हे मॅसॅच्युसेट्सचेच, आणि निवडणुका तोंडावर. त्या उन्हाळ्यात दोन्ही पक्षांत कोण जास्त कडक याची चढाओढ लागली. तज्ज्ञांना बोलावून, साक्षी ऐकून कायदा करायची जी रीत असते तिला बगल देण्यात आली, आणि ऑक्टोबरमध्ये रोनाल्ड रीगन यांनी सही केली. त्या कायद्यातल्या एका तरतुदीनुसार, विकलेल्या किंवा दिलेल्या अमली पदार्थामुळे कुणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा झाली, तर देणाऱ्याला किमान वीस वर्षं. आधी अशा गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर थेट जन्मठेप. वीसच्या खाली यायचा अधिकार न्यायाधीशाच्या हाती सहसा राहतच नाही.

यातला विरोधाभास असा की, बायसच्या मृत्यूनंतर त्याच्या ज्या मित्रावर कोकेन पुरवल्याचा खटला चालला, त्याला ज्युरीने १९८७ मध्ये निर्दोष सोडलं.  कायदा मात्र बायसच्याच नावाने ओळखला जाऊ लागला, आणि अनेक राज्यांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. न्यू जर्सीने १९८७ मध्येच. तिथे देणाऱ्याला मृत्यूची कल्पना होती का, हा प्रश्नच गैरलागू. पदार्थ दिला आणि माणूस मेला एवढं पुरेसं, शिक्षा दहा ते वीस वर्षं. पेनसिल्व्हेनियात ती चाळीस वर्षांपर्यंत जाते. फ्लोरिडाने २०१७ मध्ये फेंटानिल देऊन मृत्यू घडवण्याला पहिल्या दर्जाच्या खुनाच्या व्याख्येतच घातलं, म्हणजे जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत वाट मोकळी.

‘देणं’ या क्रियापदाचा कायदेशीर अर्थ बहुतेकांना ठाऊक नसतो. पैसे घ्यायलाच हवेत असं नाही. नफ्याची गरज नाही. दोघांसाठी म्हणून एकाने माल आणला आणि घरी येऊन अर्धा पुढे केला, की कायद्याच्या भाषेत वितरण झालं. १९७७ मध्ये एका अपील न्यायालयाने एक बारीकशी फट ठेवली. दोघांनी मिळून, एकाच वेळी, समोरासमोर, फक्त स्वतःसाठी घेतलं असेल तर ते वितरण नव्हे. पण एकजण गाडीत बसला आणि दुसरा वर जाऊन पुडी घेऊन आला, तर ही फट बुजते. कोण गाडीत बसलं यावर वीस वर्षांचा फरक पडावा, हे मला तरी कायद्याचं शहाणपण वाटत नाही.

आता ‘मृत्यू झाला’ म्हणजे कशामुळे झाला? हा प्रश्न २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बरेज खटल्यात आला. आयोवा राज्यातला एक जुना व्यसनी अनेक पदार्थ घेऊन मेला होता, त्यांत आरोपीने विकलेलं हेरॉइनही होतं. डॉक्टरांनी साक्ष दिली की हेरॉइनचा हातभार लागला, पण ते नसतं तर तो जगला असता असं सांगता येत नाही. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया हे काही गुन्हेगारांचे कैवारी म्हणून ओळखले जात नव्हते. पण शब्दाला शब्द म्हणून वाचायची त्यांची सवय कडक. त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: अमुक गोष्टीमुळे मृत्यू झाला म्हणजे ती गोष्ट नसती तर मृत्यू झाला नसता. नुसता हातभार पुरेसा नाही. वाढीव शिक्षा रद्द झाली, आणि निकालावर नऊच्या नऊ न्यायमूर्तींचं एकमत होतं.

बचावाच्या वकिलांना वाटलं, आता या खटल्यांना लगाम बसला. व्यसनी माणसाच्या रक्तात बहुतेकदा तीन-चार पदार्थ असतात, मग एकावर बोट कसं ठेवणार? पण नेमक्या त्याच सुमारास बाजारात फेंटानिल उतरलं, आणि ते इतकं जहाल की रक्तात बाकी काहीही असो, हे एकटंच मारायला पुरेसं आहे असं डॉक्टर निःशंकपणे सांगू शकतात. न्यायालयाने दार अरुंद केलं आणि रसायनशास्त्राने ते पुन्हा सताड उघडलं. जोडीला मनाची अटही ढिलीच. आपण देतोय तो काहीतरी बंदी असलेला पदार्थ आहे एवढं आरोपीला माहीत असलं की झालं. तो फेंटानिल आहे हे माहीत असायची गरज नाही, त्याने कुणी मरेल हे कळायची तर नाहीच.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट काढली, आणि ती मला जास्त प्रामाणिक वाटते. १९८१ च्या वॉटसन खटल्यापासून तिथे दारू पिऊन गाडीखाली माणूस मारणाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवता येतो, पण त्यासाठी त्याला धोक्याची जाणीव होती हे सिद्ध करावं लागतं. म्हणून पहिल्यांदा पकडलेल्या मद्यपी चालकाला न्यायाधीश बजावतात की पुन्हा असं केलंस आणि कुणी मेलं, तर खुनाचा खटला होईल. हे कागदावर नोंदलं जातं. मुलं गमावलेल्या आईबापांनी हीच युक्ती फेंटानिल विकणाऱ्यांना लावा म्हणून वर्षानुवर्षं विधिमंडळाचे उंबरे झिजवले. ‘अलेक्झांड्राचा कायदा’ म्हणून ओळखलं जाणारं ते विधेयक पुन्हा पुन्हा अडलं. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी प्रस्ताव ३६ मोठ्या बहुमताने मंजूर केला, आणि त्यातून ही ताकीद कायद्यात आली. यात माणसाच्या मनाचा प्रश्न टाळलेला नाही. तुला सांगितलं होतं, तू ऐकलं होतंस, तरी विकलंस, अशी ही मांडणी आहे.

पण अशा कायद्यांत प्रत्यक्ष सापडतं कोण? कायदे मांडताना भाषणांत टोळ्यांचे म्होरके असतात. खटले मात्र मृताचा फोन उघडून सुरू होतात. शेवटचा निरोप कुणाचा, शेवटचा कॉल कुणाला, पैसे कुणाला पाठवले. त्या दोऱ्याला धरून पोलीस जिथे पोहोचतात तिथे बहुतेकदा स्वतः व्यसनी असलेला माणूस असतो: मित्र, भाऊ, प्रेयसी, एकाच खोलीत राहणारा. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा खटल्यांच्या बातम्या वर्षानुवर्षं गोळा केल्या, त्यांतही हेच चित्र पुन्हा पुन्हा उमटलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणायचा मोह होतो, पण तेही खरं नाही. इथे संन्यासी कुणीच नाही. हात सगळ्यांचेच बरबटलेले आहेत. फक्त साखळीतला जो हात प्रेताच्या सगळ्यात जवळ असतो, बेडी त्याच हातात पडते. मेक्सिकोतल्या सिनालोआत गोळ्या छापणाऱ्याचा निरोप मृताच्या फोनमध्ये नसतो.

त्या जवळच्या हाताबद्दल आणखी एक गोष्ट. नाकात फवारायचं नॅलोक्सोन ओपिऑइडला मेंदूतल्या जागेवरून हुसकावून श्वास परत आणतं, तेही दोन-तीन मिनिटांत. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय विकायला मंजुरी मिळाली. पण बेशुद्ध पडलेला माणूस ते स्वतः फवारू शकत नाही. त्याला वाचवू शकतो तो फक्त शेजारी असलेला, म्हणजे बऱ्याचदा पुडी देणाराच. हे ओळखून न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये कायदा केला: मदतीसाठी फोन करणाऱ्यावर अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा नाही. नंतर जवळजवळ सगळ्या राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. मात्र बहुतेक ठिकाणी हे संरक्षण बाळगण्यापुरतंच आहे. मृत्यूला कारणीभूत ठरल्याच्या आरोपाला ते लागू नाही. सरकार एका कायद्याने म्हणतं, फोन कर, घाबरू नकोस. आणि दुसऱ्याने म्हणतं, तो वाचला नाही तर वीस वर्षं. रात्री दोन वाजता, समोर ओठ निळे पडलेला मित्र, अशा वेळी माणूस कलमं वाचत बसत नाही. तो ऐकीव गोष्टीवर ठरवतो. आणि ऐकीव गोष्ट ही असते की अमक्याने फोन केला आणि तो आत गेला.

‘दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे’ या गुन्ह्याची सगळ्यात विचित्र शाखा पोलिसांभोवती फुटली आहे. पांढऱ्या पुडीला हात लागला आणि अधिकारी कोसळला, अशा बातम्या अमेरिकेत २०१६-१७ पासून वारंवार येऊ लागल्या. २०२१ मध्ये सॅन डिएगो काउंटीच्या शेरिफ खात्याने असा एक व्हिडिओ प्रसिद्ध केला आणि तो देशभर फिरला. विषविज्ञानाच्या तज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. त्यांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी २०१७ मध्येच गणित मांडून दाखवलं होतं. औषध कंपन्यांनी मुद्दाम कातडीतून शिरावं म्हणून बनवलेल्या फेंटानिलच्या पट्ट्यांनी दोन्ही तळवे पूर्ण झाकले, तरी शंभर मायक्रोग्रॅम शरीरात जायला जवळपास १४ मिनिटं लागतील. आणि शंभर मायक्रोग्रॅम ही रुग्णालयातली नेहमीची मात्रा आहे. कोरडी पूड तर कातडीतून त्याहून कितीतरी सावकाश शिरते. हवेतून म्हणाल, तर फेंटानिल बनवणाऱ्या कारखान्यातल्या सगळ्यात वाईट हवेत तोंडावर काही न बांधता उभं राहिलं तरी तेवढी मात्रा जायला २०० मिनिटं. कोसळणाऱ्या अधिकाऱ्यांची धडधड वाढलेली असते, श्वास जोरात चाललेला असतो. ओपिऑइडने याच्या नेमकं उलट होतं. ही लक्षणं घाबरण्याची आहेत, आणि घाबरणं खोटं नसतं. इतकी वर्षं ज्याला सांगितलं गेलं की हात लागला की मेलास, तो कोसळणारच.

तरीही फ्लोरिडाने २०२४ मध्ये कायदा केला. बेपर्वाईने पोलीस, अग्निशामक किंवा रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याचा फेंटानिलशी संपर्क घडवला आणि त्याला अतिमात्रेचा त्रास किंवा गंभीर इजा झाली, तर पंधरा वर्षांपर्यंत कैद. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी एप्रिलमध्ये सही केली. जे वैद्यकीयदृष्ट्या जवळजवळ घडतच नाही त्यासाठी पंधरा वर्षं. कुणी म्हणेल, मग बिघडलं काय, गुन्हाच घडणार नाही तर शिक्षाही होणार नाही. बिघडतं ते असं की, ‘हात लावाल तर मराल’ ही समजूत आता कायद्याच्या पुस्तकात बसली, आणि पुढच्या वेळी फुटपाथवर पडलेल्या माणसाला उताणं करून श्वास द्यायला कुणीतरी क्षणभर जास्त कचरेल.

जवळच्या हाताचं झालं. दूरच्या हातांचं काय होतं याचं एक उदाहरण तपशिलात बघण्यासारखं आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जॉन कपूर हे मूळचे अमृतसरचे. मुंबईत औषधनिर्माणशास्त्र शिकले, अमेरिकेत बफेलोला डॉक्टरेट केली, औषध कंपन्या उभ्या केल्या आणि अब्जाधीश झाले. त्यांच्या इन्सिस थेराप्युटिक्स या कंपनीने जिभेखाली फवारायचं फेंटानिल बाजारात आणलं, नाव सबसिस. जानेवारी २०१२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली ती फक्त अशा कर्करुग्णांसाठी, ज्यांना आधीच ओपिऑइड चालू आहेत आणि तरी मधूनच वेदनेची कळ उठते. असे रुग्ण असतात किती? बाजार छोटा. म्हणून कंपनीने डॉक्टरांना ‘व्याख्यानां’चे पैसे देणं सुरू केलं. कित्येक व्याख्यानांना श्रोतेच नसत. जेवण असे आणि चेक असे. जितक्या जास्त चिठ्ठ्या, तितकी जास्त व्याख्यानं. पाठदुखीच्या, मानदुखीच्या माणसांना फेंटानिल लिहिलं जाऊ लागलं. विमा कंपन्या पैसे द्यायला का-कू करत, म्हणून इन्सिसचे कर्मचारी डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलतोय असं भासवून फोन करत आणि नसलेला कर्करोग सांगत. डॉक्टरांना मात्रा वाढवायला कसं लावावं यावर विक्री प्रतिनिधींनी एक रॅप गाणं चित्रित केलं, त्यात एकजण सबसिसच्या फवाऱ्याच्या वेशात नाचतो. हा व्हिडिओ बॉस्टनच्या न्यायालयात ज्युरीला दाखवला गेला.

मे २०१९ मध्ये कपूर आणि कंपनीचे चार अधिकारी दोषी ठरले. खटला चालला तो माफियांसाठी १९७० मध्ये केलेल्या संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली. जानेवारी २०२० मध्ये कपूर यांना साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटात एखाद्या औषध कंपनीच्या सर्वोच्च माणसाला खटला चालवून तुरुंगात पाठवल्याचं हे गाजलेलं आणि विरळा उदाहरण आहे, आणि त्या सरकारी वकिलांना त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तराजू मांडून बघा. अर्धी पुडी मित्राला देणारा: किमान वीस वर्षं. लाच देऊन देशभर फेंटानिल लिहायला लावणारा: साडेपाच. वीस वर्षांचं ते कलम इन्सिसवाल्यांना लावलंच गेलं नाही. साखळी लांब होती. कंपनी आणि रुग्ण यांच्यामध्ये डॉक्टर, चिठ्ठी, औषध दुकान आणि विमा असे चार टप्पे होते. प्रत्येक टप्प्यागणिक ‘यामुळेच मृत्यू झाला’ हे सिद्ध करणं अवघड होत जातं. अंतर हीच मोठ्यांची ढाल.

आपल्याकडचा कायदा वेगळ्या पायावर उभा आहे. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात ‘मृत्यू झाल्यास’ असं वाढीव शिक्षेचं कलम नाही. तो माणसं मोजत नाही, वजन मोजतो. अल्प मात्रा, व्यापारी मात्रा आणि मधली, अशा तीन पायऱ्या. हेरॉइनची व्यापारी मात्रा २५० ग्रॅमपासून पुढे, फेंटानिलची ०.१ ग्रॅमपासून पुढे. व्यापारी मात्रेला किमान दहा, कमाल वीस वर्षं सक्तमजुरी आणि एक लाखापासून दंड. शिवाय एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीरा सिंग खटल्यात ठरवलं की वजन शुद्ध पदार्थाचं नव्हे, भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं धरायचं. म्हणजे ११० मिलिग्रॅमची एकच बनावट गोळी, जिच्यात फेंटानिल दोन मिलिग्रॅम आणि बाकी चुना, तीही व्यापारी मात्रा ठरते. इतरांना पोहोचलेला धोका आपल्या कायद्यात दिसतो तो ३२-ब कलमात. गुन्ह्याची झळ अठरा वर्षांखालच्यांना लागली असेल किंवा तो शैक्षणिक संस्थेच्या परिसरात घडला असेल, तर किमान शिक्षेच्या वर जाताना न्यायाधीश ते लक्षात घेऊ शकतात.

या कायद्याचा कडकपणा आपणही सोसला आहे. दुसऱ्यांदा मोठ्या मात्रेसह सापडला तर फाशीच, अशी सक्ती त्यात होती. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये ती सक्ती घटनाबाह्य ठरवली आणि फाशी द्यायची की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलं. २०१४ मध्ये संसदेने कायद्यात तसा बदल केला. दुसरं नुकसान जास्त मुकाट झालं. नोंदवहीत चूक झाली तरी दहा वर्षं, या धास्तीने रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कायदा आल्यानंतरच्या दशकात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. शेवटच्या टप्प्यातले कर्करुग्ण घरोघर कळवळत गेले, आणि त्यांच्या वेदनेचा कोणत्याही खटल्यात उल्लेख नाही. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे इतर डॉक्टर दोन दशकं भांडले, तेव्हा २०१४ च्या दुरुस्तीत मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली गेली आणि परवान्यांची भेंडोळी कमी झाली.

वजन मोजणाऱ्या कायद्यात पळवाट असते ती यादीत. पदार्थ यादीत असेल तर हरभऱ्याएवढ्या पुडीला दहा वर्षं, नसेल तर ट्रकभर मालाला काही नाही. अमेरिकेलाही हे भोवलं. फेंटानिलच्या रेणूत एखादा अणुगट इकडचा तिकडे केला की नवा पदार्थ, आणि यादी पुन्हा मागे. म्हणून फेंटानिलसदृश सगळ्या पदार्थांचं कुळच्या कुळ एका फटक्यात यादीत घालणारा कायदा तिथे जुलै २०२५ मध्ये कायमचा झाला. आपल्याकडे ट्रॅमाडॉल हे दुसरं कृत्रिम ओपिऑइड एप्रिल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलं. पश्चिम आफ्रिकेत तरुणांची पिढी ज्या गोळ्यांवर लागली होती, त्यांत भारतीय ट्रॅमाडॉलचा वाटा फार मोठा होता. यादीत आल्यावर निर्यात आवळली गेली. मग त्याच्या जागी आलं टॅपेंटाडॉल, तेही कृत्रिम ओपिऑइडच, आणि ते यादीत नव्हतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईतल्या एका कंपनीकडून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारं औषध एकत्र केलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टला जात होत्या. ही जोडगोळी कुठल्याच देशात मंजूर नाही, आणि दोन्ही मिळून श्वास दाबतात. बातमीनंतर दोन-तीन दिवसांतच केंद्राच्या आणि राज्याच्या औषध निरीक्षकांनी पालघर जिल्ह्यातल्या कारखान्यावर छापा घातला, माल जप्त केला, उत्पादन थांबवलं आणि या मिश्रणाच्या निर्यातीचे परवाने देशभर मागे घ्यायला सांगितलं. कारवाई झाली ती औषध परवान्यांच्या अंगाने. परवाना नसताना हाच कारखाना ट्रॅमाडॉल बाहेर पाठवताना सापडला असता, तर २५० ग्रॅमच्या पुढे प्रत्येक खोक्याला एनडीपीएस लागलं असतं, दहा वर्षांपासून सुरू होणारं आणि जामीन जवळपास अशक्य करणारं.